नव्या फरशीचे सांधे भरणं आणि साफ करणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डोंबिवलीत आमचं हार्डवेअरचं छोटं दुकान आहे. फरशीवाले मिस्त्री सकाळी आठला येतात, काय हवं ते एका वाक्यात सांगतात, घेऊन जातात. संध्याकाळी घरमालक येतात आणि मोबाइलवर फोटो दाखवतात. नव्या कोऱ्या फरशीवर पांढरा थर, कुठे सांध्यात भोकं, कुठे काळपट रेघ. मग ठरलेलं वाक्य, "हे काढायला काहीतरी स्ट्राँग द्या." खालचे बहुतेक प्रश्न या संध्याकाळच्या गिऱ्हाइकांचे आहेत. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. ग्राउट (टाइलमधल्या सांध्यांत भरायचा माल) भरणं आणि फरशी पुसणं ही दोन वेगळी कामं समजली की तिथेच घोळ होतो. ते एकच काम आहे, हातोहात करायचं.

ग्राउट भरायला नेमकं काय काय लागतं?

फार काही नाही. रबर फ्लोट, दोन बादल्या, दोन चांगले स्पंज, एक छोटी पुट्टीची पट्टी, कालवायला लहान घमेलं किंवा प्लॅस्टिकचा टब, सांधे खरवडायला एक्साब्लेडचा (लोखंड कापायच्या करवतीच्या पात्याचा) तुकडा, जुना रंगाचा ब्रश, सुती फडकी आणि रबरी हातमोजे. मातीच्या किंवा सिमेंटच्या फरशीला ग्राउटचा डाग लागू द्यायचा नसेल तर मास्किंग टेप. पाच किलोच्या वर माल एका वेळी कालवणार असाल तरच ड्रिलला लावायचा पॅडल घ्या, आणि तो सावकाश फिरवा. जोरात फिरवला की मालात हवा शिरते, मग वाळल्यावर सांध्यात टाचणीच्या टोकाएवढी भोकं दिसतात.

हातमोज्यांना लोक हसतात. सिमेंटचं पाणी तीव्र अल्कली असतं. दिवसभर त्यात बोटं बुडवणाऱ्या मिस्त्रींच्या नखांच्या कडा बघा, मग हसा.

रबर फ्लोट म्हणजे काय? आमचे मिस्त्री लोखंडी पट्टीनेच भरतात.

प्लास्टर करायच्या गुरमाळ्याला खाली पत्र्याऐवजी जाड रबर लावलं तर जे होईल, तो रबर फ्लोट. त्याचं काम दोन प्रकारचं आहे. थोडा आडवा धरून दाबला की माल सांध्याच्या तळापर्यंत जातो. नंतर जवळजवळ उभा धरून ओढला की टाइलवरचा जादा माल कडेने निघून येतो. हे दुसरं काम नीट झालं तर पुढच्या पुसण्यातली अर्धी मेहनत वाचते.

लोखंडी पट्टीने सांधा भरतो, नाही असं नाही. पण ती फक्त वरवर भरते, खाली पोकळी राहते. चार-सहा महिन्यांनी जिन्याजवळ किंवा बाथरूमच्या दारात सांधा खपली धरून निघाला की कारण बहुधा हेच. शिवाय चकचकीत टाइलवर लोखंडाची काळी रेघ उमटते. ती ओरखडा वाटते, पण बऱ्याचदा असतो टाइलवर घासून बसलेला धातूच. भिंतीच्या कडेला किंवा कमोडच्या मागे, जिथे फ्लोट शिरत नाही, तिथे छोटी पट्टी वापरा, तीही प्लॅस्टिकची मिळाली तर उत्तम.

मिस्त्री म्हणतात, "पेपर जॉइंट ठेवतो, ग्राउटचा प्रश्नच नाही."

दिसायला छान दिसतो, हे मान्य. पण टाइलला टाइल खेटून बसवली की त्या फटीत ग्राउट जात नाही, पाणी आणि केरकचरा मात्र जातो. फरशी उन्हाने तापली की टाइलला पसरायला जागाही राहत नाही. गॅलरीत किंवा गच्चीवर टाइल मधेच तंबूसारख्या उचललेल्या तुम्ही पाहिल्या असतील. त्यामागे हेही एक कारण असतं. घरात निदान २ मिमी, शक्यतो ३ मिमीचा स्पेसर, म्हणजे टाइलमध्ये सारखी फट ठेवणारा प्लॅस्टिकचा तुकडा, लावायला सांगा. एका खोलीला लागणारे स्पेसर चहा-वड्याच्या पैशांत येतात.

फरशी बसवल्यावर किती दिवसांनी सांधे भरायचे?

टाइल ॲडहेसिव्हने बसवली असेल तर साधारण २४ तासांनी. तरी आधी गोणीवर काय लिहिलंय ते वाचा. खाली रेती-सिमेंटचा माल असेल तर त्यातलं पाणी वर यायला जागा लागते, म्हणून मी आठवडाभर सांधे उघडे ठेवायला सांगतो. घाई केली की तोच ओलावा क्षार घेऊन सांध्यातून वर येतो आणि नवं ग्राउट पांढरटतं.

उलट्या टोकाची चूक जास्त पाहायला मिळते. आपल्याकडे फरशी आधी बसते आणि सांधे भरायचं काम रंग, पीओपी, फर्निचर सगळं झाल्यावर, अगदी शेवटी निघतं. तोवर दोन महिने त्या सांध्यांत लाकडाचा भुसा, पुट्टीची पावडर, सांडलेला रंग आणि विड्यांची थोटकं जाऊन बसतात. त्यावर ग्राउट भरलं तर ते टाइलला न धरता कचऱ्याला धरतं. फरशी जपायला प्लॅस्टिक अंथरून वर पीओपीचा थर देतात, तोसुद्धा सांधे भरून, पुसून, पुरते वाळल्यावर द्यावा. प्लॅस्टिक फाटून उघड्या सांध्यात पीओपी गेलं तर ते काढताना मिस्त्री तुमच्या नावाने काय बोलतो ते ऐकू न आलेलंच बरं.

भरण्याआधी सांधा किती साफ करायचा?

टाइलच्या जाडीच्या निदान दोन तृतीयांश खोलीपर्यंत सांधा रिकामा हवा. एक्साब्लेडचा बोटभर तुकडा घ्या, एका टोकाला चिकटपट्टी गुंडाळून मूठ करा, आणि सांध्यात वर आलेलं ॲडहेसिव्ह खरवडून काढा. हे ॲडहेसिव्ह टाइल बसवली त्याच दिवशी, ओलं असताना, एका मिनिटात निघतं. दुसऱ्या दिवशी दहा मिनिटं लागतात आणि टाइलची कड उडायची भीती असते. टाइल एका पातळीत धरणाऱ्या लेव्हलिंगच्या क्लिपा लावल्या असतील तर त्यांना रबरी हातोडीने सांध्याच्या दिशेनेच ठोका. आडवं ठोकलं की टाइलचा टवका जातो. मग ब्रश, आणि घरात व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्याची फटीत शिरणारी चपटी नळी. शेवटी ओलसर स्पंज एकदा फिरवा. उन्हाळ्यात कोरडा सांधा ग्राउटमधलं पाणी लगेच शोषून घेतो. सांधा दमट हवा, पण त्यात पाणी साचलेलं नको.

किती ग्राउट आणू?

एक सोपा हिशोब आहे. सगळी मापं मिमीमध्ये घ्या. टाइलची लांबी अधिक रुंदी, त्याला लांबी गुणिले रुंदीने भागा. आलेल्या आकड्याला टाइलच्या जाडीने, मग सांध्याच्या रुंदीने आणि शेवटी १.६ ने गुणा. उत्तर येतं एका चौरस मीटरला लागणाऱ्या किलोमध्ये.

६०० बाय ६०० ची, ९ मिमी जाड टाइल आणि ३ मिमी सांधा धरला तर चौरस मीटरला साधारण १४५ ग्रॅम होतं. म्हणजे १०० चौरस फुटांना १,३५० ग्रॅमच्या आसपास, सांडलवंड धरून दीड किलो. तोच सांधा ३०० बाय ३०० च्या ८ मिमी टाइलला ठेवला तर १०० चौरस फुटांना अडीच किलोच्या जवळ जातो. टाइल जेवढी लहान तेवढे सांधे जास्त, हे गिऱ्हाइकांच्या लक्षात येत नाही, आणि मग शेवटच्या बाथरूमला माल कमी पडतो. कमी पडला की दुसऱ्या बॅचचा रंग थोडा वेगळा निघू शकतो. म्हणून एक पाकीट जास्तच घ्या. न फोडता परत आणलंत तर आम्ही घेतो.

पाणी किती घालायचं?

पाकिटावर लिहिलंय तेवढंच, आणि ते मापून. तुमच्या फरशीच्या निम्म्या तक्रारी इथे जन्माला येतात.

मिस्त्रीला पातळ माल आवडतो, कारण तो पळतो, हाताला जड जात नाही. पण सांध्यातलं जादा पाणी उडून गेलं की मागे जागा रिकामी राहते. ग्राउट आकसतं, चिरतं, पावडर सुटते, रंग फिका पडतो. नीट कालवलेला माल थापीवर घेऊन थापी तिरपी केली तरी ओघळून पडत नाही, इडलीच्या पिठापेक्षा घट्ट आणि श्रीखंडाच्या जवळ जाणारा असतो. भांड्यात आधी पाणी घ्या आणि पावडर त्यात घाला, म्हणजे तळाला गुठळ्या बसत नाहीत. कालवल्यावर पाच-दहा मिनिटं तसाच ठेवा, मग पुन्हा हलवा आणि कामाला लागा. घट्ट होत चालला म्हणून मधेच पाणी मारून जिवंत करायचा नाही. घट्ट झालेला माल फेकून द्या, आणि पुढच्या वेळी कमी कालवा.

भरायची काही दिशा असते का?

असते. फ्लोट सांध्याला तिरका, साधारण ४५ अंशांत फिरवायचा. सांध्याच्या बाजूने सरळ ओढला तर फ्लोटची कड आत घुसून भरलेला माल बाहेर काढते. खोलीच्या आतल्या कोपऱ्यापासून दाराकडे या. दरवेळी दहा-बारा चौरस फूट भरा, त्याहून जास्त नको. एकटे असाल तर सहाच.

पुसायला कधी सुरुवात करायची? हाच सगळ्यांचा घोळ असतो.

घड्याळ लावून सांगायचं तर १५ ते ३० मिनिटांनी. पण घड्याळापेक्षा बोटावर भरवसा ठेवा. सांध्यावर बोट हलकेच टेकवा. माल बोटाला चिकटून आला तर थांबा. ठसा उमटला पण बोट कोरडं राहिलं, तर वेळ झाली. मे महिन्यात पंखा चालू असलेल्या खोलीत ही वेळ दहा मिनिटांतही येते. पावसाळ्यात, दारं बंद असलेल्या बाथरूममध्ये, पाऊण तास लागू शकतो. पंखा बंद ठेवा आणि खिडकीतून ऊन येत असेल तर पडदा किंवा जुनी चादर लावा.

आता पुसण्याचं तंत्र. दोन्ही बादल्यांत पाणी. पहिल्या बादलीत स्पंज खळखळून धुवायचा, दुसऱ्या स्वच्छ पाण्यात बुडवायचा, आणि पिळायचा. पिळायचा म्हणजे असा की हातात उलटा धरला तर थेंब पडता कामा नये. पहिला फेरा हलक्या हाताने गोल गोल, फक्त टाइलवरचा माल सुटा करायला. दुसरा फेरा स्पंजची एक बाजू सपाट ठेवून, सांध्याला तिरका, एकदाच ओढायचा. ती बाजू मळली की उलटा करून दुसरी. दोन ओढी झाल्या की पुन्हा धुवायचा. एकाच मळक्या स्पंजने दहा टाइल पुसल्या तर तुम्ही फरशी पुसत नाही, तिला सिमेंटचा हात देताय.

पाणी दुधासारखं दिसायला लागलं की बदला. एका हॉलला सहा-सात वेळा बदलावं लागतं. सोसायटीत पाणी तासभरच येत असेल तर आधी दोन पिंपं भरून ठेवा, मगच माल कालवा. मी हे दुकानातल्या प्रत्येकाला सांगतो आणि दर महिन्याला कुणीतरी "माल भरला आणि पाणी गेलं" म्हणत येतोच.

स्पंज घेताना मोठा, जाड, कडा गोल असलेला घ्या. भांडी घासायचा पिवळा-हिरवा चालत नाही. त्याचे कोपरे सांध्यात खड्डे पाडतात.

मिस्त्री स्पंजऐवजी भुसा टाकतात. योग्य आहे का?

जुनी पद्धत आहे आणि चकचकीत टाइलवर चालते. कोरडा भुसा ओलावा शोषतो, सोबत माल उचलतो, पाणी कमी लागतं. पण भुशाचा रंग फिक्या ग्राउटला लागू शकतो. सागाचा भुसा तर पांढऱ्या सांध्यांत हमखास पिवळट छटा सोडतो. गोणपाटाच्या तुकड्याचंही तसंच. घरात चांगला स्पंज असेल तर या भानगडीत पडू नका.

सांध्याला गोलाई कशी आणतात?

वायरमनकडून जाड केबलचा वीतभर तुकडा मागा आणि सांध्यातून एकदा ओढा. झालं. काही जण अंगठा फिरवतात. दिवसभर फिरवला तर अंगठ्याचं कातडं जातं.

दुसऱ्या दिवशी फरशीवर पांढरी झाक आली आहे. काम बिघडलं का?

नाही. उरलेल्या पाण्यातला सिमेंटचा बारीक थर वाळून वर दिसतो, थोडा प्रत्येकच कामात दिसतो. खोली अंधारी करून मोबाइलचा टॉर्च फरशीवर आडवा धरा, नेमका कुठे आहे ते कळेल. आधी कोरड्या सुती फडक्याने किंवा जुन्या टॉवेलने घासा. पहिल्या २४ तासांत बरीचशी झाक तेवढ्यानेच जाते. मग ओलसर मायक्रोफायबर. तरी राहिली तर सल्फॅमिक ॲसिडवर चालणारं सिमेंट काढायचं क्लीनर मिळतं. ते बाटलीवरच्या प्रमाणात पातळ करा, सांधे आधी पाण्याने भिजवून घ्या म्हणजे ते ॲसिड पिणार नाहीत, आणि नंतर भरपूर पाण्याने धुवा. हे मात्र ग्राउट पुरतं पक्कं झाल्यावर, साधारण आठ-दहा दिवसांनी. लिंबू-व्हिनेगरचे घरगुती व्हिडिओ बघून येणाऱ्यांना मी अडवत नाही. फार पातळ झाकेवर त्यांचा थोडा उपयोग होतो, बाकी वेळ जातो.

सरळ ॲसिड मारलं तर? बिल्डर तेच करतात.

करतात. पझेशन देताना फरशी चमकायला हवी म्हणून अख्ख्या फ्लॅटमध्ये ॲसिडचं पाणी ओततात. चमकते खरी. पण हायड्रोक्लोरिक ॲसिड टाइलवरचं सिमेंट जसं खातं तसंच सांध्यातलंही खातं. सहा महिन्यांनी सांधे खोलगट आणि खरखरीत होतात, त्यात काळं बसतं, आणि घरात राहायला आलेला माणूस म्हणतो की ग्राउट हलकं होतं.

टाइल विट्रिफाइड असेल तर टाइलला स्वतःला फारसं काही होत नाही. तिच्यात पाणी ०.५ टक्क्यापेक्षाही कमी शिरतं, ॲसिड आत जात नाही. पण घरात फक्त टाइल नसतात. शहाबादी, कोटा आणि कडप्पा हे चुनखडीचे दगड, आणि मार्बलही त्याच कुळातला. यांच्यावर ॲसिडचा थेंब पडला की फस्सकन फेस येतो. तो फेस म्हणजे तुमचा दगड उडून चाललाय. घरी पहिल्यांदा बाथरूमच्या टाइल्स लावल्या तेव्हा मीच हे करून बसलोय. बाथरूममध्ये ॲसिड मारलं, ते उंबऱ्याखालून वाहत बाहेरच्या कोट्यावर गेलं. पुसायला धावलो तोवर दाराशी हाताच्या पंज्याएवढा पांढरट, खरखरीत डाग. आईने त्यावर पायपुसणं टाकलं, ते आजही तिथेच आहे. पायपुसणी बदलली, डाग तोच.

ॲसिडच्या वाफेनेसुद्धा नळाचं क्रोम काळं पडतं, स्टीलच्या जाळीला गंज चढतो. आणि एक गोष्ट कुठल्याही परिस्थितीत करायची नाही. ॲसिड किंवा ॲसिडवालं टॉयलेट क्लीनर, आणि ब्लीच, एकत्र आणू नका. क्लोरीन वायू तयार होतो. बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

इपॉक्सी ग्राउट घ्यायचं का? त्याची अवजारं वेगळी असतात का?

इपॉक्सी म्हणजे सिमेंटऐवजी रेझिन आणि हार्डनर मिसळून घट्ट होणारं ग्राउट. स्वयंपाकघराचा ओटा, सिंकमागची भिंत, बाथरूमची जमीन, इथे घ्याच. हळद, तेल, साबण त्यात शिरत नाहीत. बाकी घराला सिमेंटचं ग्राउट पुरेसं आहे, हे माझं मत. महाग माल विकून मला फायदा होतो, तरी सांगतो.

अवजारांत फरक आहे. फ्लोट थोडा कडक रबराचा लागतो, कारण माल च्युइंगमसारखा ओढतो. कोपऱ्यांसाठी प्लॅस्टिकच्या जाड पिशवीचा मेंदीच्या कोनासारखा कोन करून सांध्यात पिळला तर टाइल कमी माखते. पुसायला पांढरा नायलॉन पॅड, कोमट पाणी आणि त्यात भांड्याच्या साबणाचे दोन-चार थेंब. हिरवी घासणी नको, ती चकचकीत टाइलवर ओरखडे आणते. पॅडने गोल गोल फिरवून माल पातळ करायचा, मग ओल्या स्पंजने सपाट उचलायचा. लगेच, पाठोपाठ. इथे सिमेंटसारखी वाट बघायची चैन नाही.

रेझिन, हार्डनर आणि फिलर पूर्ण पाकिटाचे एकत्र करा. अंदाजाने अर्धं अर्धं घेतलं तर एक कोपरा कायम चिकट राहतो. कालवल्यावर हातात साधारण पाऊण तास असतो, आपल्या उन्हाळ्यात त्याहून कमी. माल बादलीत गोळा करून ठेवला तर स्वतःच्याच उष्णतेने तो आणखी लवकर आवळतो, म्हणून कालवून झाल्यावर ताटासारख्या उथळ भांड्यात पसरून ठेवा. मोठ्या डब्यापेक्षा एक-एक किलोची पाकिटं घ्या, थोडी महाग पडली तरी. आणि पहिल्यांदा करत असाल तर हॉलपासून नको, गॅलरीच्या कोपऱ्यापासून सुरू करा.

इपॉक्सीचा थर टाइलवर राहून गेला. महिना झाला. आता?

ॲसिड मारू नका, वाळलेल्या इपॉक्सीला त्याने काही होत नाही. २४ तासांच्या आत असता तर कंपनीच्याच इपॉक्सी क्लीनरने निघाला असता. आता हीट गनने टाइल बेताने गरम करा, थर मऊ होतो, मग प्लॅस्टिकच्या स्क्रेपरने खरवडा. सांध्यावर गरम हवा धरू नका. नाहीतर इपॉक्सी काढायचं जेल लावून वाट बघा. दोन्हींत वेळ आणि पाठ दोन्ही जातात. हे काम मिस्त्री टाळतात, त्यांचं चुकत नाही.

व्हाइट सिमेंट भरलं तर काय बिघडतं? आमच्या आजोबांच्या घरी तेच होतं.

होतं, आणि सोबत दर दोन-तीन वर्षांनी पुन्हा भरणारा गवंडीही होता. नुसतं व्हाइट सिमेंट आकसतं, चिरतं, पाणी पितं, आणि स्वयंपाकघरात वर्षभरात तपकिरी होतं. ग्राउटच्या पाकिटातही सिमेंटच असतं, पण त्यात पॉलिमर, बारीक भरड आणि पाणी धरून ठेवणारी द्रव्यं घातलेली असतात. भाड्याच्या खोलीची डागडुजी असेल तर वापरा व्हाइट सिमेंट, कोण अडवतंय.

भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात दरवेळी चीर पडते.

कारण तिथे ग्राउट भरायचंच नसतं. भिंत आणि जमीन वेगवेगळी हलतात, कडक माल मधे तुटणारच. तिथे सिलिकॉन हवा, तो वाळल्यावरही रबरासारखा लवचिक राहतो. गन, जुळत्या रंगाची नळी, दोन्ही बाजूंना मास्किंग टेप, सिलिकॉन भरून साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकदा फिरवा आणि टेप लगेच ओढून काढा. कमोड, बेसिन आणि ओट्याच्या मागची कड, सगळीकडे हेच. सांधा पूर्ण कोरडा हवा, नाहीतर सिलिकॉन दोन आठवड्यांत पट्टीसारखा सुटून येतो.

बाथरूमची टाइल खडबडीत आहे, ग्राउट त्या खड्ड्यांत बसलं.

अँटी-स्किड टाइलला हे होतंच. भरताना माल फक्त सांध्याच्या आसपास ठेवा, अख्ख्या टाइलवर फासू नका, किंवा तिथे कोनच वापरा. पुसायला स्पंजसोबत मऊ नायलॉनचा ब्रश लागतो, भरल्यावर लगेच. तारेचा ब्रश लावू नका, लोखंडाचे कण खड्ड्यांत राहतात आणि पुढे गंजतात.

सांध्यांचा रंग कुठे गडद, कुठे फिका दिसतो.

आठवडाभर थांबा, ओलावा जाऊ द्या. नंतरही फरक राहिला तर पाण्याचं माप प्रत्येक बॅचला बदललं होतं, किंवा कुठे स्पंज जास्त ओला फिरला. भिंतीला लोणा लागतो तसे पांढरे क्षार वर आले असतील तर कोरड्या ब्रशने झाडा. पुन्हा पुन्हा आले तर खालून पाणी येतंय. तिथे ग्राउट बदलून उपयोग नाही, प्लंबरला बोलवा. तेवढा फरक फक्त डोळ्यांना खुपत असेल तर ग्राउटला लावायचा रंग पेनसारख्या बाटलीत मिळतो.

जुनं, काळं पडलेलं ग्राउट काढून नवं भरता येतं?

येतं. थोडं असेल तर हाताने ओढायची ग्राउटची करवत पुरते, अख्खं बाथरूम असेल तर कार्बाइड पातं लावलेलं ऑसिलेटिंग मल्टीटूल भाड्याने आणा. ग्राइंडर लावणारे मिस्त्री भेटतील. हात जरासा हलला की टाइलची कड गेली, आणि मोरबीहून आलेलं ते डिझाइन पाच वर्षांनी बाजारात सापडत नाही. डोळ्यांवर चष्मा, नाकावर मास्क लावा. जुनं निदान टाइलच्या निम्म्या जाडीपर्यंत काढा. नुसता वरून पातळ हात दिला तर तो पापुद्र्यासारखा निघतो.

बादल्यांतलं ते दुधाळ पाणी कुठे ओतायचं?

मोरीत नाही, कमोडमध्ये तर नाहीच. सिमेंट पाण्याखालीही घट्ट होतं. नहाणीच्या ट्रॅपमध्ये त्याचा दगड बनला की फोडाफोडीचा खर्च फरशीपेक्षा जास्त येतो. बादली रात्रभर तशीच ठेवा, गाळ खाली बसेल, वरचं पाणी सावकाश ओता आणि गाळ वाळवून राडारोड्याच्या गोणीत टाका. फ्लोट आणि स्पंज मात्र तेव्हाच धुवा. वाळलेला फ्लोट घेऊन "याचं रबर खराब निघालं" म्हणणाऱ्यांना मी बदलून देत नाही.

रोजची फरशी कधीपासून पुसायची?

सिमेंटच्या ग्राउटवर २४ तासांनी चालता येतं, पण पहिले तीन-चार दिवस फक्त केर काढा. नंतर आठवडाभर साधं पाणी, फिनाइल किंवा ॲसिडवालं काही नको. इपॉक्सीला पुरतं पक्कं व्हायला ७ दिवस लागतात. घरी कामाला मावशी येत असतील तर त्यांना हे स्वतः सांगा. नाहीतर तिसऱ्या दिवशी त्या प्रेमाने ॲसिडचं फडकं मारतात, आणि चौथ्या दिवशी संध्याकाळी तुम्ही आमच्या दुकानात.